बाईसाहेबांसमोर गप्प राहू नये

४ जानेवारी

मामा,

पाया पडते. लांबून पडते म्हणून कमी समजू नका. चांगली वाकून पडलेय, कंबर करकरली.

सध्या आमच्याकडे सगळी कटकट आवाजाचीच आहे. तुम्ही काम सोडून घरी गेलात आणि वर्षाच्या आत आमचा स्टुडिओ बोलायला लागला. मूकपट संपले, आता बोलपट. तुम्ही आत्ता आलात तर जागा ओळखणार नाही. भिंतींना आतून गाद्या ठोकल्यात, छताला घोंगड्या. कॅमेऱ्याची खडखड आवाजाच्या यंत्रात जाते म्हणून कॅमेरा आणि कॅमेरावाला दोघांना मिळून एका काचेच्या खोक्यात कोंडलंय. शॉट संपला की बिचारा आतून घामानं निथळत बाहेर येतो. दारावर लाल दिवा आहे. तो लागला की सगळ्यांची बोलती बंद. सुतारांनी हातोडे खाली ठेवायचे, पंखे थांबवायचे, आमच्या चपलांना खालून फडकं गुंडाळलेलं. परवा एकाला शिंक आली, तर त्यानं नाक दाबून ती अक्षरशः गिळली. आणि मला रडू यावं म्हणून कॅमेऱ्याशेजारी बसून वाजवायचा तो व्हायोलिनवाला आठवतो ना? त्याला घरी पाठवला. आता म्हणे मी माझी मीच रडायचं.

हसू येतं ते इथपर्यंत. परवा माझा आवाज घेऊन पाहिला. मालक, दिग्दर्शक आणि आवाजवाले साहेब (हा नवीनच प्राणी आहे, कानांना डबे लावून बसतो) आत ऐकत होते, मी दाराबाहेर. भोंग्यातून माझा आवाज आला तेव्हा मलाच वाटलं, कोणी अंगणातून पत्रा ओढत नेतंय. साहेब म्हणाले, "चेहरा ठीक आहे, पण ही बोलली की लोक उठून जातील." सात वर्षं भिंतीभिंतीवर माझं तोंड चिकटवत होते तेव्हा कोणी विचारलं नाही की बाई, तुला बोलता येतं का.

मालकांनी शेवटी तोड काढली. आपल्या पिंजऱ्यातल्या बाईसाहेबांना घेऊन एक बोलपट करायचा. सिंहीण डरकाळी फोडणार, मी तिच्याशेजारी बसून चार वाक्यं बोलणार, गाणं नाही. "तू आणि तुझी सिंहीण, लोकांना तेवढंच हवंय," म्हणाले. म्हणजे यातून तरले तर तरले, नाहीतर घरी. पहिल्यांदा पण तिनंच मला वर काढलं होतं. त्या वेळच्या मोठ्या नायिकेला तिच्या नुसत्या वासानं चक्कर आली, आणि मागे टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या घोळक्यातून तुम्ही मला हाताला धरून पुढे ओढलंत. "ही माझी भाची, ही घाबरत नाही." घाबरले होते हो मी! पण तुम्ही बाटलीनं दूध पाजून वाढवलेली सिंहीण, म्हणजे नात्यानं माझी मामेबहीणच की.

तुमच्या जागी आलेला पिंजरेवाला तिच्याशी एक अक्षर बोलत नाही. खांद्यावर बंदूक घेऊन फिरतो. तुमची आठवण येते तिला. मलाही. मी बाहेरगावी शूटिंगला गेले आणि तुम्ही न भेटता गेलात, तो राग अजून आहे. गुडघा कसा आहे?

तुमची छबडी


११ जानेवारी

छबडे, सुखी राहा.

हे अक्षर सूनबाईचं आहे. माझ्या डोळ्यांना हल्ली बारीक दिसत नाही, मी बोलतो आणि ती लिहिते. मध्येच हसते, ते लिहीत नाही.

आधी सांग, बाईसाहेब खातात का? अंगावरचे केस चमकतात की भुरकट दिसतात? डाव्या कानामागे खाज सुटते तिला, तिथं कोणी खाजवतं का? तो पिंजरेवाला दांडक्यानं ढोसत असेल तर त्याला माझ्यातर्फे शिव्या घाल. शिव्या सूनबाई लिहायला तयार नाही, तुला येतात त्या वापर.

तुझ्या आवाजाचं मनाला लावून घेऊ नकोस. तुझी आई अशीच बोलायची, आणि अख्खं घर तिच्या एका हाकेवर उभं राहायचं. कानाला डबे लावणाऱ्याला काय कळतंय त्यातलं?

एक विचारायचं होतं. तिला घेऊन काम कुठं करणार? मागच्या पटांगणात, की त्या गाद्यांच्या खोलीत? आसपास सुतारकाम चालू असेल ना? माणसं बोलत असतील ना? एवढं नीट बघून कळव. म्हाताऱ्याचा चाळा समज, पण कळव.

मामा


१९ जानेवारी

मामा,

पाच प्रश्न मामेबहिणीचे आणि अर्धं वाक्य माझं! असो. खातात तुमच्या बाईसाहेब, बक्कळ खातात. केस चमकतात. कानामागे मी खाजवलं, जाळीबाहेरून.

काम गाद्यांच्या खोलीतच आहे. तिथं पुठ्ठ्याची मोठी गुहा उभी केलीय, चहूबाजूंनी तारेची जाळी. आत फक्त ती आणि मी. सुतार वगैरे कोणी नाही, लाल दिवा लागल्यावर कोण ठोकणार? काल पहिली तालीम झाली. सांगते, तुमचा ऊर भरून येईल.

मी दगडावर बसले, तिच्याकडे पाठ करून. पाठ करायची हे दिग्दर्शकांचं, म्हणजे लोकांना धडकी भरते. दिवा लागला. मामा, इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू येत होती. आधी आपलं काम म्हणजे केवढा गोंगाट असायचा! दिग्दर्शक भोंग्यातून ओरडतायत, शेजारच्या सेटवर ठोकाठोकी, व्हायोलिन, कॅमेरा, आणि या सगळ्यांवर तुमची टकळी: "या बाईसाहेब, बसा बाईसाहेब, पाहुणे आलेत, जांभया काय देताय." तेव्हा बाईसाहेब कशा, येरझारा घालणार, दात दाखवणार, मध्येच मला शेपटी मारणार. काल मात्र अगदी गुणी पोर. मी हळूच आरशात पाहिलं, माझ्या हातात आरसा असतो त्या प्रसंगात. गुहेच्या तोंडाशी ती आली आणि जमिनीला पोट टेकून पसरली. हनुवटी सुद्धा खाली टेकलेली. कान मागे, डोळे माझ्यावर, पापणी हलत नव्हती. शेपटीचं फक्त टोक, एवढंसं, इकडून तिकडे. मागचे पाय जागच्या जागी चाळवत होती, बसायला नीट जागा करतात ना तसे. म्हटलं, बघा, शांतता मिळाली तर जनावर सुद्धा कसं निवांत होतं.

मग दिग्दर्शक "झालं!" म्हणून ओरडले, तशी ती दचकून उठली आणि नेहमीसारख्या येरझारा घालायला लागली. सगळे खूष. आवाजवाले साहेब पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

खरं सांगू का, अंगावर काटा आला होता. पण तो शांततेचा असेल. खरा शॉट दोन फेब्रुवारीला आहे. तुम्ही असता तर बरं झालं असतं.

छबडी


२३ जानेवारी

छबडे,

हे पत्र मिळेल तिथंच थांब आणि नीट वाच.

ती बसली नव्हती. ती दबा धरत होती. हनुवटी जमिनीला, कान मागे, शेपटीचं टोक, आणि ते मागचे पाय चाळवणं, ते उडी घ्यायच्या आधीचं असतं. पायाखालची माती घट्ट आहे का ते बघतात. दिग्दर्शक ओरडला म्हणून तू मला पुढचं पत्र लिहू शकलीस. दुसरं काही नाही.

ती सर्कशीच्या तंबूत जन्मली, बँडच्या गोंगाटात. पिंजऱ्याबाहेर कायम माणसं, बोलणं, भांडीकुंडी. आवाज चालू आहे तोवर ती आपल्यातली असते. तिला वाटतं, हे काम आहे, हे घर आहे. आवाज थांबला की तिला ना तू दिसतेस ना मी. तिच्या आत काय उठतं ते तिलाही माहीत नसेल. तिचा दोष नाही. मी बारा वर्षं तिच्यासमोर तोंड बंद ठेवलं नाही ते मला बडबड आवडते म्हणून नव्हे गं.

त्या शांततेत पाऊल टाकू नकोस. आजारी पड, पाय मोड, काहीही सांग.

आणि एक. मालकांना यातलं अवाक्षर सांगू नकोस. त्यांना कळलं तर त्याच दिवशी तिला गोळी घालतील. तो बंदूकवाला उगीच नाही ठेवलेला. माझी शपथ आहे तुला.

मामा

वन्सं, हे खालचं मी माझ्या मनानं लिहितेय. मामंजींना वाचून दाखवणार नाही. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही, सुईत दोरा ओवतील इतके चांगले आहेत. त्यांना उजवा हात राहिलेला नाही, कोपरापासून. गेल्या वर्षी स्टुडिओला सुट्टी होती, सगळीकडे सामसूम. मामंजींचा घसा बसला होता. ते काही न बोलता पाणी ठेवायला बाईसाहेबांच्या पिंजऱ्यात गेले. तुम्ही परत येण्याच्या आत निघून आले, म्हणजे कोणाला दिसू नये. गुडघा वगैरे सगळं थाप आहे. तुम्ही जाऊ नका हो.


२७ जानेवारी

मामा,

पत्र मिळालं. आरशातला तो क्षण परत परत डोळ्यांसमोर येतोय. मी तिच्याकडे बघून हसले होते मामा. आरशात बघून हसले!

वहिनीला रागावू नका. तिनं लिहिलं ते बरं केलं. पण तुमच्यावर मी इतकी चिडलेय की समोर असतात तर काय बोलले असते कुणास ठाऊक. तुमचा हात गेला आणि तुम्ही मला गुडघ्याच्या गोष्टी सांगता? त्यानंतरही मी तिच्यासोबत दोन मूकपट केले. तुम्ही म्हणाल, तेव्हा गोंगाट होता. होता. पण समजा एखाद्या दिवशी व्हायोलिनवाल्याची तार तुटली असती, सुतार जेवायला गेले असते, दिग्दर्शकांना ठसका लागला असता? मी काय करत होते ते मला कळायला नको होतं? तुमच्या पत्रांत नेहमी आधी ती आणि मग मी. आज मला ते लागलं. लिहून टाकलं, आता मन मोकळं झालं.

ऐका पुढचं. मी मालकांकडे गेले. म्हटलं, प्रसंग गोंगाटात घेऊ, आवाज नंतर भरू. आवाजवाले साहेब असे बघायला लागले, जशी काही मी त्यांच्या आईला शिवी दिली. मालक म्हणाले, जाहिराती छापून झाल्या, सिंहीण आणि नायिका एकाच दमात, एकाच यंत्रात. मग मी सांगितलं, मला चक्कर येते, छातीत धडधडतं, मी जाळीच्या आत जाणार नाही. तुमची शपथ पाळली. तिच्याबद्दल एक शब्द काढला नाही.

मालक नुसते हसले. "हरकत नाही," म्हणाले. मी दाराबाहेर पडायच्या आत त्यांनी दुसरीला बोलावलं. नवी मुलगी आहे, गाते छान, आवाज असा की साहेब कानांवरचे डबे काढायला विसरतात. पोरगी गोड आहे. मला मावशी म्हणते, मेली. मी काय मावशी दिसते?

तर माझा बोलपट गेला आणि बहुतेक नोकरीही जाईल. पण मी वाचले. दोन दिवस घरात नुसती बसून आहे. कोणी गप्प झालं की मला घाम फुटतो, म्हणून मोलकरणीला सारखी बोलायला लावते. ती वैतागलीय.

छबडी


३० जानेवारी

माझी शहाणी पोर ती!

देव पावला बघ. सूनबाई म्हणते, तुमचा आवाज अख्ख्या गल्लीत गेला. जाऊ दे. आठवडाभर घास उतरत नव्हता, आज जेवलो. रागव माझ्यावर हवं तेवढं, तुझा हक्क आहे. आधी ती मग तू, असं नाही गं. तुला बोलता येतं, तुझी काळजी तू करतेस. तिचं कोण आहे?

नोकरी गेली तर इथं निघून ये. घर लहान आहे, पण तुझ्या आवाजाला पुरेल. बाईसाहेबांना कळू देऊ नकोस तू रुसलीस म्हणून. जाळीबाहेरून जाऊन बोलत जा तिच्याशी.

मामा

वन्सं, त्या नव्या मुलीला कोणी सांगितलंय का?


४ फेब्रुवारी

मामा,

वहिनीची ती एक ओळ वाचली. खरंच सांगते, मला तोवर ती मुलगी सुचलीच नव्हती. मी वाचले, मी वाचले, एवढंच डोक्यात.

पत्र मिळालं एक तारखेला. तशीच तिच्या मेकअपच्या खोलीत गेले. केसांना पिना लावत बसली होती. म्हटलं, उद्या त्या जाळीत जाऊ नकोस, शांततेत ती सिंहीण माणसावर येते. तिनं पिन तोंडात धरूनच माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "मावशी, तुम्ही सात वर्षं तिच्या गळ्यात हात घालून फोटो काढलेत. सगळ्या भिंतींवर आहेत." म्हटलं, तेव्हा गोंगाट असायचा. म्हणाली, "तुमचं काम मला मिळालं याचं वाईट वाटतंच. पण असं घाबरवायचं नसतं हो." वाईट नव्हती बोलत. मला समजावत होती! आता मी काय करणार? तुमच्या हाताचं सांगितलं तर पटलं असतं, पण मग ती धावत मालकांकडे जाणार. ओठांवर आलं होतं मामा. गिळलं.

दोन तारखेला मी स्टुडिओत गेले. मला आत सोडायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून सोडलं. गाद्यांच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले, जाळीच्या दारापासून चार हातांवर. ती मुलगी आत दगडावर बसलेली, गुहेकडे पाठ. हातात आरसा द्यायचं या वेळी राहिलं होतं. पिंजरेवाला कोपऱ्यात, बंदूक पायाशी. घंटा झाली, लाल दिवा लागला.

ती गायला लागली. काय गाते पोर! बाईसाहेब गुहेतून बाहेर आल्या, अगदी नेहमीसारख्या, शेपटी उडवत, इकडे हुंगत तिकडे हुंगत. गाणं चालू होतं ना. मला वाटलं, उगीच घाबरतेय मी, हा एक प्रसंग असाच पार पडेल. आणि मग पोरगी थांबली. दोन ओळी गाऊन थांबायचं, चाहूल घ्यायची, असं तिला शिकवलेलं. ती थांबली आणि सगळं थांबलं.

मामा, तुम्ही लिहिलं होतंत ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. बाईसाहेबांचं पोट खाली गेलं. हनुवटी. कान. माझ्या आजूबाजूला वीस माणसं उभी होती आणि वीसच्या वीस खूष होती. दिग्दर्शकांनी आवाजवाल्या साहेबांकडे बघून मान डोलावली. त्या मुलीच्या मानेवर दोन केस सुटलेले होते, ते मला इथून दिसत होते. मला ओरडायचं होतं, पण दातखिळी बसली होती. तेवढ्यात मागचे पाय चाळवायला लागले.

कशी हलले माहीत नाही. दिवेवाल्याचा पत्र्याचा डबा पायाशी होता, तो लाथेनं उडवला आणि जाळीचं दार उघडून आत गेले. आत गेले मी मामा! आणि तोंड उघडलं ते बंदच केलं नाही. काय बोलले ते ऐकाल तर हसाल. "काय हो बाईसाहेब, ही काय बसायची पद्धत झाली, पाहुण्यांसमोर असं लोळतात का, केस विंचरलेत का आज, ही आमची नवी पोर, हिला मावशी म्हणायची फार हौस आहे, उठा बघू, उठा, कोण म्हणतंय तुम्हाला भूक लागलीय, सकाळी तर एवढं हादडलंत." जे तोंडाला येईल ते. शिंप्यानं ब्लाउज बिघडवला तो सांगितला, मोलकरीण वैतागली ते सांगितलं. ती पसरलेलीच होती. डोळे आता माझ्यावर. मी बोलत बोलत त्या मुलीच्या आणि तिच्या मध्ये आले, पाठीमागे हात करून मुलीचं मनगट धरलं. ती लटलट कापत होती, म्हणजे तिनं एकदा वळून पाहिलं असावं. मी तिच्यासकट मागे मागे दाराकडे सरकत होते आणि मोठ्यानं बोलत होते. साहेबांनी पत्रा म्हटलेल्या आवाजात, छत फाटेल असं बोलत होते.

मग बाईसाहेबांचा एक कान पुढे आला. नंतर दुसरा. हनुवटी उचलली, आणि जांभई दिली. तुमच्यासमोर द्यायची तशी, अख्खं तोंड उघडून. तिला मी परत दिसले, मामा. मला कळलं त्या क्षणाला.

आम्ही बाहेर आलो. दार लागलं. मी तिथंच फरशीवर बसले, तरी तोंड चालूच. ती मुलगी माझ्या मांडीत डोकं खुपसून रडत होती. दिग्दर्शक ओरडत होते, साहेब ओरडत होते, यंत्र बिघडलं, फिल्म वाया गेली. मालकांनी मला सगळ्यांसमोर सांगितलं, परत या दारात दिसू नकोस. मी म्हटलं बरं. ती मुलगीसुद्धा तिथंच सगळ्यांना सांगत सुटली की सिंहीण तिच्यावर उडी घेणार होती. मग कुठं एकेकाचा चेहरा उतरला.

मुलगी सुखरूप आहे. काल घरी आली होती, आईला घेऊन. आई माझे दोन्ही हात धरून बसून राहिली. मलाही कुठं खरचटलं नाही. वहिनीला सांगा, तिच्या एका ओळीनं एक पोर वाचली. तिनं विचारलं नसतं तर मी घरी बसून राहिले असते, हे मला पक्कं माहीत आहे, आणि त्याची मला त्या जाळीपेक्षा जास्त भीती वाटते.

सामान आवरलं की येते तुमच्याकडे. जागा करून ठेवा.

छबडी


८ फेब्रुवारी

छबडे,

तू धड आहेस हे वाचून सूनबाई रडली, मीही रडलो. तुझी आई असती तर आधी तुला मारलं असतं आणि मग जवळ घेतलं असतं. तुझी खाट लावून ठेवलीय, खिडकीजवळ.

पत्र तीनदा वाचून घेतलं. इतकं लांब पत्र तू आजवर लिहिलं नाहीस. जाळीचं दार लागलं, तिथपासून पुढे बाईसाहेबांचं नाव नाही.

तिचं काय झालं?

मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

त्याच दिवशी झालं. लिहायला हात उचलला नाही.

तुमच्या हाताचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, शपथ पाळली. पण त्या मुलीनं सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि मग ज्यानं त्यानं तालमीतलं तिचं ते पसरणं आठवून पाहिलं. संध्याकाळी मी मेकअपच्या खोलीतून माझं सामान काढत होते तेव्हा मालकांनी पिंजरेवाल्याला हुकूम दिला. मी हाता-पाया पडले. म्हटलं, मामांना बोलावते, ते तिला घेऊन जातील. ते म्हणाले, कुठं?

तिला मागच्या पटांगणातल्या पिंजऱ्यात नेलं होतं. सुतार घरी गेलेले, कामं बंद. सगळीकडे सामसूम होती मामा, आणि ती त्या सामसुमीत कोपऱ्याला चिकटून पसरली होती, हनुवटी खाली टेकून. मला ते बघवेना. मी गजांशी जाऊन बसले आणि बोलायला लागले. तुमचंच बोलले. या बाईसाहेब, बसा, मामा विचारत होते तुम्हाला, जेवलात का म्हणून. ती उठून आली. गजांना डावा कान लावून उभी राहिली, म्हणून मी हात आत घालून खाजवलं. घाबरले नाही. खरंच नाही.

पिंजरेवाला मागच्या बाजूनं आला. ती माझं ऐकत होती, तिनं वळून पाहिलं नाही.

बार झाल्यावरही मी बोलतच होते. त्यानं येऊन माझ्या खांद्याला हात लावला, तेव्हा थांबले.

छबडी